राणीछाप रुपयाचं मोल

आजीच्या पेटीतल्या राणीछाप रुपयाला मोबाईलवर लाखो रुपये मिळतात, असं तुम्ही ऐकलं असेल. तो रुपया मुळात काय आहे, ते आधी पाहू.

कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन जुना एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. १८४० साली त्यावर व्हिक्टोरिया राणीचा मुखडा आला. १८६२ साली कंपनीचं नाव गेलं. पण पुढची दहा-बारा वर्षं टांकसाळींनी रुपयावरचं साल बदललंच नाही. म्हणून १८६२चे रुपये उदंड आहेत. १९४० साली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७चा रुपया तर निकेलचा.

"लाख देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा," असं कुणी म्हणालं तर भरू नका. अशा व्यवहारासाठी आम्ही कसलंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर केलं आहे.

विकायचाच असेल तर चांदीचा भाव विचारा, दोन ठिकाणी दाखवा. आणि चिंच-राखेने घासू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी भाव देतात.