पचमढीचं तिकीट कोणी काढलं?

आमच्या धनजमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत थंड हवेला जायचं म्हटलं की दोनच नावं निघतात. चिखलदरा, नाहीतर पचमढी. दोन्ही सातपुड्यात. उंची पाहिली तर चिखलदरा साधारण १,११८ मीटर आणि पचमढी १,०६७, म्हणजे आपलंच ठिकाण थोडं वर आहे. तरी बोलण्यात पचमढी मोठी आणि चिखलदरा धाकटं. पचमढीला जाऊन आलेला माणूस वर्षभर सांगत राहतो, चिखलदऱ्याला जाऊन आलेल्याला कुणी विचारतही नाही. हा फरक हवेचा नाही. वाटखर्चाचा आहे, आणि त्याहून जास्त, तो वाटखर्च कुणाच्या खिशातून गेला याचा आहे.

आधी जवळच्या डोंगराचं बघू. चिखलदऱ्याला लागून गाविलगड आहे. फरिश्त्याच्या इतिहासाप्रमाणे बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास हा किल्ला बांधला. त्यानंतर फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने त्याची डागडुजी करून तो मजबूत केला. हा फतहुल्ला मूळ विजयनगरकडचा हिंदू मुलगा. लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, बहमनी दरबारात चढत चढत वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि शेवटी स्वतःची इमादशाही उभी करून बसला. एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, ही तिची राजधानी. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर वाघांबरोबर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. विजयनगरच्या त्या पाखराला फतहुल्ला विसरला नव्हता असं काही जाणकार म्हणतात, आणि मला ते पटतं. ‘आईने अकबरी’त अबुल फजलने या किल्ल्याची मजबुती सांगताना तिथल्या एका झऱ्याचाही उल्लेख केला आहे. त्या पाण्यात हत्यारांना पाणी देत असत.

या डोंगरावर चढण्याचा सगळ्यात महागडा प्रवास डिसेंबर १८०३ मध्ये झाला. आर्थर वेलस्लीच्या हुकमावरून कर्नल स्टीव्हनसनची फौज गाविलगडच्या उत्तरेला जाण्यासाठी डोंगर चढली. वाट नव्हतीच. ती पुढे करत जायची आणि तोफा मागून ओढत आणायच्या, सुमारे तीस मैल. १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग राजपूत लढता लढता मारला गेला. बहमनी सुलतानाने बांधलेला किल्ला, नागपूरच्या भोसल्यांचा झेंडा आणि त्यासाठी मरणारा राजपूत. वऱ्हाडचा इतिहास एका धर्माच्या खात्यावर मांडणाऱ्यांनी एवढं एक वाक्य तरी लक्षात ठेवावं. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांना वऱ्हाड सोडावं लागलं. ते निजामाकडे गेलं.

चिखलदऱ्याच्या थंड हवेची इंग्रजी नोंद १८२३ ची, हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नावावर. पचमढीची हकीकत कॅप्टन जेम्स फॉरसिथच्या नावाने सांगतात, १८५७ पासून पुढची. दोघांनी ‘शोध लावला’ म्हणतात. कोरकू आणि गोंड लोक तिथे आधीपासून राहत होते, त्यांना हा शोध लागायचा राहिलाच नव्हता. सांगायचा मुद्दा एवढाच, की चिखलदरा तीस-पस्तीस वर्षांनी थोरलं आहे.

मग धाकटी मोठी कशी झाली? वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांच्या हवाली केलं होतं आणि कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे होता. तोवर वऱ्हाडच्या अधिकाऱ्यांचा उन्हाळा म्हणजे चिखलदरा. १९०२ च्या करारात लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये देऊन. ऑक्टोबर १९०३ पासून ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. मध्य प्रांताची राजधानी नागपूर, आणि उन्हाळी राजधानी पचमढी. झालं. साहेब, त्यांचे कारकून, चपराशी आणि कागदांच्या पेट्या उन्हाळ्यात पचमढीला जायच्या. भत्ता सरकारी, बंगला सरकारी. सरकार जिथे महिनोन्महिने राहतं तिथे रस्ता, चर्च, क्लब, तार आणि दवाखाना आपोआप येतो. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड असं आपण अजून म्हणतो. त्या कापसाच्या मुलखाचा सारा आता प्रांताच्या तिजोरीत पडत होता, म्हणजे पचमढीच्या थंडीचा खर्च आपल्या पणजोबांनीही भरला. तिथे न जाता भरला.

ते स्वतः गेले असते तर काय पडलं असतं, याचा मी एकदा हिशेब मांडला. आगगाडीने पचमढीचं स्टेशन पिपरिया. नागपूर-इटारसी ही थेट लाइन १९२० च्या दशकात पूर्ण झाली. त्याआधी आपल्याकडच्या माणसाने धनजहून दमणीने कारंजा, तिथून मूर्तिजापूर गाठायचं. मग उलट पश्चिमेला भुसावळ, तिथून खंडवा, इटारसी आणि पिपरिया. मूर्तिजापूरपासून सुमारे साडेपाचशे किलोमीटर, म्हणजे ३४० मैल. तिसऱ्या वर्गाचा ढोबळ दर मैलाला अडीच पै धरला तर एका माणसाचे साडेचार रुपयांच्या आसपास, एका बाजूचे. पुढे पिपरियापासून डोंगरावर पन्नासेक किलोमीटरचं गाडीभाडं वेगळं. चिखलदऱ्यासाठी मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर. त्याच दराने दहा आणे. पुढे घाट बैलगाडीने किंवा पायी. साडेचार रुपये आणि दहा आणे यांच्यातलं अंतर म्हणजे गरीब घराला एक ठिकाण शक्य आणि दुसरं अशक्य.

अचलपूरची ही गाडी म्हणजे आपली शकुंतला. किलिक निक्सन कंपनीची, अडीच फुटी रुळांची. मूर्तिजापूरहून एक फाटा कारंज्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटर, आणि दुसरा अचलपूरला. ती माणसांसाठी बांधलेली नव्हती. कापसाच्या गाठी मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला जाव्यात म्हणून बांधली. पण गाठींबरोबर माणसंही बसली. कारंज्याच्या बाजारातून निघालेलं कुटुंब मूर्तिजापूरला गाडी बदलून अचलपूरला उतरू शकत होतं. मँचेस्टरमध्ये घडवलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. आता रूळ आहेत, गाडी नाही. तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण तिच्या संथपणाचं कौतुक करतात. मला तिचं स्वस्त तिकीट आठवतं. त्या तिकिटात संथपणा फुकट मिळायचा.

गरीब माणूस पचमढीला जातच नव्हता असंही नाही. महाशिवरात्रीला चौरागडच्या महादेवाला आणि नागपंचमीला नागद्वारला विदर्भातून लोक खांद्यावर त्रिशूळ घेऊन जातात. पूर्वी पायी आणि गाडीबैलाने जायचे, वाटेत गावोगाव मुक्काम, बरोबर भाकरी. आपल्यातले लोक अचलपूरला दुल्हा रहमान शाहच्या दर्ग्याला जायचे, नागपूरला ताजुद्दीन बाबांच्या उरुसाला जायचे. हवा बदलायला जाणं हा साहेबाचा शब्द. सामान्य माणूस नवस फेडायला जायचा, आणि हवा त्यात बदलायची. ज्या पचमढीत गव्हर्नर सरकारी भत्त्यावर राहिले, तिथेच वऱ्हाडचा कुणबी आपला त्रिशूळ स्वतःच्या खांद्यावर वाहून नेत होता. पचमढीच्या बंगल्यांची माहितीपत्रकं छापणाऱ्यांना या दुसऱ्या माणसाची आठवण फारशी होत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पचमढी मध्य प्रदेशात राहिली. तेव्हा ही राज्यांची रेघ नकाशावर होती, आज ती तिकिटावर आहे. मार्च २०२३ पासून आपल्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ७५ च्या पुढच्या वयाला त्याआधीच, ऑगस्ट २०२२ पासून, प्रवास मोफत झाला. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. मध्य प्रदेशाने तर आपलं सरकारी परिवहन महामंडळच बंद केलं, तिकडे खासगी बस जे मागेल ते. आमच्या घरात दादी पंच्याहत्तरीच्या पुढची, अम्मी, भाबी आणि दोन बहिणी. चिखलदऱ्याला दादी फुकट, बाकी चौघी अर्ध्या तिकिटात, पूर्ण तिकीट फक्त माझं आणि भाईचं. पचमढीला सगळी मोटारच करावी लागते, रात्रीचा मुक्काम धरावा लागतो, आणि मग आपोआप ठरतं की बायकांनी पुढच्या वर्षी यावं. ते पुढचं वर्ष कितीतरी घरांत आलेलं नाही.

या उन्हाळ्यात आम्ही अमरावती, परतवाडा करत चिखलदऱ्यालाच जाणार आहोत. गाविलगडावर कमानींची मोठी मशीद आहे, अर्धी पडलेली, कोपऱ्यावर जाळीची एक छत्री अजून उभी. दादीला तिथपर्यंत चालवणार नाही, ती दरवाजाजवळ सावलीत बसेल. बाकीच्यांना मी आधी तो गंडभेरुंड दाखवणार आहे.