पायरसी साइट ‘ब्लॉक’ होते म्हणजे नेमकं काय होतं?

दिवा-रोहा मेमूने पेणहून रोह्याला जाताना मी एकदा साधी टेस्ट केली. फोनमध्ये दोन कंपन्यांची सिमं आणि कोर्टाने ब्लॉक करायला सांगितलेल्या एका पायरसी साइटचा पत्ता. पहिल्या सिमवर ‘आदेशानुसार बंद’ अशी पाटी आली. डेटा दुसऱ्या सिमवर टाकला, तर साइट सरळ उघडली.

आदेश एकच, मग निकाल दोन कसे? कारण ‘साइट ब्लॉक झाली’ हे वाक्यच थोडं फसवं आहे. साइट जिथे आहे तिथे चालूच असते. बंद होते ती तुमच्या इंटरनेट कंपनीकडून तिच्याकडे जाणारी वाट, आणि प्रत्येक कंपनी ही वाट आपापल्या पद्धतीने बंद करते.

वाट अडवतात कशी?

सगळ्यात स्वस्त पद्धत डीएनएसची. तुम्ही साइटचं नाव टाकलं की फोन आधी डीएनएस सर्व्हरला विचारतो, ‘या नावाचा आयपी नंबर काय?’ ब्लॉक असेल तर कंपनीचा सर्व्हर खोटं उत्तर देतो किंवा गप्प बसतो. पण फोन दुसऱ्या कुणाचा डीएनएस वापरत असेल, तर हा अडथळा लागतच नाही. काहींच्या ब्राउझरमध्ये असा डीएनएस चालू असतो.

दुसरी पद्धत एसएनआय तपासायची. एचटीटीपीएसमुळे पाकिटातला मजकूर गुप्त राहतो, पण पाकिटावर साइटचं नाव उघडं लिहिलेलं असतं. कंपनी ते नाव वाचते आणि कनेक्शन तोडते. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये जिओ असं करत असल्याचं दाखवलं होतं. भारतातल्या कंपन्यांच्या ब्लॉक केलेल्या साइटच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, हेही त्यांच्या अभ्यासात दिसलं. पाकिटावरचं नावही झाकणारं एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो आता येतंय, त्यामुळे ही पद्धतही हळूहळू लंगडी होणार.

तिसरी पद्धत थेट आयपी नंबर अडवण्याची, आणि ती मला सगळ्यात धोकादायक वाटते. एका नंबरमागे हजारो साइट असू शकतात. एका गाळ्यासाठी अख्ख्या बिल्डिंगला टाळं लावण्यातला हा प्रकार. स्पेनमध्ये २०२५ पासून फुटबॉल लीग ला लीगाच्या सामन्यांच्या वेळी क्लाउडफ्लेअरचे नंबर अडवले गेले आणि काही संबंध नसलेल्या साइटही बंद पडल्या.

कोर्ट काय करतं?

आपल्याकडे सुरुवात बेफाम झाली. २०१२ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या एका आदेशामुळे व्हिमिओसारखी सरळमार्गी साइटही भारतात बंद झाली. फक्त ठरावीक लिंकच अडवायच्या, असं कोर्टाला नंतर स्पष्ट करावं लागलं. २०१४ च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी दिल्ली हायकोर्टासमोर आलेल्या यादीत ४७२ साइट होत्या. त्यात चक्क गूगल डॉक्ससुद्धा होतं! पुढे ती यादी २१९ वर आली.

मुंबई हायकोर्टाने मात्र ब्रेक लावला. जुलै २०१६ मध्ये ‘ढिशूम’ सिनेमासाठी इरॉस कंपनी ब्लॉकिंगची मागणी घेऊन गेली, तेव्हा न्या. गौतम पटेल यांनी अख्ख्या साइट बंद करायला नकार दिला. आधी प्रत्येक लिंक तपासून आणा, मग तेवढ्याच लिंक अडवू, अशी त्यांची भूमिका होती. ब्लॉकच्या पाटीवर केसचा तपशील आणि तक्रार कुठे करायची तेही लिहायला त्यांनी सांगितलं. इंजिनिअर म्हणून मला हा आदेश फार आवडतो.

अडचण एवढीच, की पायरसीवाले लिंकपेक्षा वेगाने धावतात. आमच्या पेण-हमरापूरकडे गणपतीचा साचा एकदा तयार झाला की त्यातून हव्या तेवढ्या मूर्ती निघतात. मिरर साइटचं तसंच असतं. साचा एकच, फक्त नावाचं शेपूट बदलायचं. म्हणून १० एप्रिल २०१९ रोजी दिल्ली हायकोर्टाने यूटीव्ही विरुद्ध १३३७एक्स या केसमध्ये ‘डायनॅमिक’ मनाईहुकूम दिला. जी साइट मुळात पायरसीवरच जगते ती ‘रोग’ वेबसाइट (इंग्रजीतलं ‘रोग’, आपला आजार नव्हे). ती अख्खी बंद करता येते आणि तिचे नवे मिरर सापडले की नवा दावा न लावता यादीत घालता येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच कोर्टाने पुढे जाऊन अजून न आलेल्या सिनेमांनाही असं संरक्षण दिलं.

तरी मूळ प्रश्न हद्दीचा राहतो. सेंट्रल रेल्वे रोह्याला संपते आणि तिथून कोकण रेल्वे सुरू होते. तसा आपल्या कोर्टाचा हुकूम भारतातल्या कंपन्यांना लागू होतो, पण सर्व्हर आणि तो चालवणारा माणूस भलत्याच देशात असतो. म्हणून हल्ली डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रारलाच नाव गोठवायला सांगतात. तो ऐकला, तर ती साइट सगळ्या सिमवर एकदम जाते.

मग उपयोग होतो का?

होतो, पण अर्धवट. ब्रिटनमध्ये २०१२ साली पायरेट बे ही एकच साइट अडवली, तेव्हा लोक दुसऱ्या पायरसी साइटवर गेले. २०१३ मध्ये १९ साइट एकदम अडवल्यावर मात्र कायदेशीर सेवांचा वापर वाढला, असं कार्नेगी मेलनच्या संशोधकांना आढळलं. म्हणजे ब्लॉकिंग हट्टी माणसाला थांबवत नाही, कंटाळा करणाऱ्याला थांबवतं. आणि आपण बहुतेक जण दुसऱ्या गटातले.

मराठी सिनेमाला तेवढंही पुरतं. त्याला थिएटर मिळतात ती मोजकीच आणि कमाईचे दिवस पहिले दोन-तीन आठवडे. २९ एप्रिल २०१६ ला आलेल्या ‘सैराट’ची चोरटी कॉपी लगेच फिरली, तरी तो तुफान चालला. पण सगळेच सिनेमे ‘सैराट’ नसतात. शिवाय तेव्हा जिओ यायचं होतं आणि मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड ‘भरून’ मिळायचं. तिथे कुठला डीएनएस ब्लॉक लागणार? २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने म्हणूनच उगमावर बोट ठेवलंय. थिएटरमध्ये चोरून रेकॉर्डिंग करणाऱ्याला किमान तीन महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपासून निर्मिती खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड. माझ्या मते खरा उपयोग इथे आहे.

आणि नुसतं बघितलं तर?

२०१६ मध्ये ब्लॉकच्या पाटीवर ‘पाहणं, डाउनलोड करणं गुन्हा’ असं झळकलं आणि तीन वर्षांच्या कैदेच्या बातम्या पसरल्या. न्या. पटेल यांनीच ते दुरुस्त केलं: गुन्हा नुसतं पाहण्यात नाही, परवानगीशिवाय वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात आहे. पण ही सूट समजू नका. टॉरेंट वापरताना तुमचा फोन डाउनलोडसोबत तोच सिनेमा इतरांना अपलोडही करत असतो, आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर फाइल टाकणं म्हणजे सरळ वाटप.

पोलिसांपेक्षा जवळचा धोका वेगळाच आहे. साइट ब्लॉक झाली की ‘आमचं नवीन ॲप घ्या’ म्हणून एपीके फाइल पुढे केली जाते. सिनेमा दाखवणाऱ्या ॲपला तुमचे एसएमएस वाचायची परवानगी कशाला लागते? तुमचा बँकेचा ओटीपी तिथेच येतो. असं ॲप आधीच टाकलं असेल तर ते काढा, आणि सेटिंगमध्ये ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल’ची परवानगी ब्राउझर आणि टेलिग्राम दोघांचीही बंद करा.