राखीव रान कोणासाठीं?

श्रोतेहो, दिंडोरीचें नांव निघालें कीं इतिहासप्रेमी मनुष्याला १६७० सालची लढाई आठवते. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर परत फिरलेल्या शिवछत्रपतींनीं दाऊदखानाच्या मोंगल फौजेचा पराभव केला, तो याच मुलखांत. आज मात्र मी येथील रानाचा इतिहास सांगणार आहें.

नाशिकच्या उत्तरेस रामशेज किल्ला आहे आणि त्याच्या जवळच बोरगडाचा डोंगर. १६८२ सालीं औरंगजेबाच्या सरदारांनीं रामशेजला वेढा दिला. मोंगलांनीं पांचशें माणसें मावतील एवढा लांकडी दमदमा उभारला. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या. तेव्हां मराठ्यांनीं ओंडके पोखरून व त्यांवर कातडें मढवून तोफा केल्या, असें खाफीखान लिहितो. गड सुमारें पांच वर्षें झुंजला. त्या युद्धांत रान हेंच उभय पक्षांचें शस्त्रागार होतें.

पुढें १८७८ च्या कायद्यानें इंग्रज सरकारनें जंगलें 'राखीव' केलीं. राखीव म्हणजे सरकारच्या तिजोरीसाठीं राखलेलें; गांवकऱ्याच्या गुरांना व मोळीला मज्जाव. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत जंगलखात्याच्या जाचाचें गाऱ्हाणें मांडलें. १९३० सालीं याच जिल्ह्याच्या बागलाण भागांत जंगल सत्याग्रह झाला.

असा पूर्वेतिहास असलेल्या मुलखांत २००८ सालीं बोरगड हें महाराष्ट्रांतील पहिलें 'संवर्धन राखीव क्षेत्र' ठरलें. क्षेत्र लहानसें, सुमारें ३४९ हेक्टर. शब्द तोच, 'राखीव'. पण कायदा निराळा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २००२ सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्यान्वयें असें क्षेत्र जाहीर करण्यापूर्वीं स्थानिक लोकांशीं विचारविनिमय करावा लागतो, आणि व्यवस्थापनाच्या समितींत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधि बसतो. ज्याच्या दाराशीं रान आहे, त्याला शब्द मिळाला, हा फरक लहान नव्हे.

इंग्लंडांत समुद्रकांठच्या झुडुपी माळांचे असेच लहान तुकडे जपतात. तेथें मुद्दाम गुरें चारतात. न चारल्यास माळ बुजून त्याचें जंगल होतें. आपल्या उघड्या उतारांवर उलट प्रकार: कोवळ्या रोपांना कुऱ्हाडीपासून आणि चराईपासून उसंत लागते. ही उसंत कोण देतो? डोंगराच्या पायथ्याचा मनुष्य. त्याला जवळची मोळी सोडून दूर जावें लागतें, गुरांसाठीं चारा अन्यत्र शोधावा लागतो.

शहरांतील कुटुंबांनीं रामशेज पाहावा, बोरगडाची झाडी पाहावी, पांखरांचे आवाज ऐकावे. परंतु त्या सांवलीची किंमत कोणी मोजली, हें ध्यानांत ठेवावें. शस्त्रांनीं राखलेला रामशेज शेवटीं पैशानें गेला, असें इतिहास सांगतो. रानाचा किल्लेदार पायथ्याचा गांवकरी आहे. त्याच्या चुलीची व गोठ्याची सोय आपण पाहिली, तरच हा गड टिकेल.