धूर नसलेला अग्नी

मागच्या व्याख्यानात आपण व्हिक्टर हेसच्या १९१२ सालच्या बलूनपाशी थांबलो होतो. वैश्विक किरण वरून येतात हे कळलं, पण कुठून येतात? हे किरण म्हणजे बहुतांशी विद्युतभारित प्रोटॉन. आकाशगंगेतल्या चुंबकीय क्षेत्रात ते इतके वळतात, की आपल्यापर्यंत येताना मूळ दिशा पुसली जाते.

१९५२ साली जपानच्या हायाकावांनी वाट सुचवली. प्रोटॉन ताऱ्यांमधल्या वायूवर आदळला की पायॉन तयार होतात. त्यातला भाररहित पायॉन जवळजवळ लगेच दोन गॅमा किरणांत फुटतो, आणि गॅमा किरण सरळ येतात. टक्कर कुठे झाली, ते सांगतात.

सांगतात खरे, पण ऐकायला उपग्रह हवा. १९६१च्या एक्सप्लोरर-११च्या हाती लागले जेमतेम २२ गॅमा किरण. बावीस! पुढे ओएसओ-३ने ६२१ टिपले. त्यांची दाटी आकाशगंगेच्या पट्ट्यात दिसली.

इथे आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांचे कान टवकारतात. गॅमा किरण किती, हे वायू आणि वैश्विक किरण यांच्या गुणाकारावर ठरतं. समीकरण एक, अज्ञात दोन. मग निदान वायू तरी वेगळा मोजू या. अणुरूप हायड्रोजन २१ सेंटीमीटरच्या रेडिओ लहरींवर दिसतो, पण थंड ढगांतला रेणुरूप हायड्रोजन जवळजवळ मुकाच. म्हणून कार्बन मोनॉक्साइडवरून त्याचं अनुमान करायचं, धुरावरून अग्नीचं करतात तसं. पण नैयायिकांनी बजावलेलंच आहे : धूर तिथे अग्नी, उलट मात्र नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो.

२००५ साली इझाबेल ग्रेनिए आणि सहकाऱ्यांना असे गोळे सापडले म्हणा ना! सूर्याच्या आसपासच्या ढगांभोवती हिशेबापेक्षा जास्त गॅमा किरण येत होते. तिथे वैश्विक किरणच जास्त असतील, अशी शंका कुणीही घेईल. पण ज्या जागी गॅमा किरण जास्त, त्याच जागी धूळही जास्त निघाली. धूळ वायूबरोबर राहते. वैश्विक किरणांशी तिला देणंघेणं नाही. दोन स्वतंत्र साक्षीदार एकच सांगू लागले. कार्बन मोनॉक्साइडला न दिसलेला हा ‘काळा वायू’ थोडाथोडका नव्हता. वस्तुमानानं तो दिसणाऱ्या रेणुरूप वायूच्या तोडीचा भरला.

हायाकावांच्या पायॉनची स्पष्ट खूण मात्र फर्मी दुर्बिणीनं २०१३ साली दाखवली, डब्ल्यू-४४ आणि आयसी-४४३ या दोन अतिनवताऱ्यांच्या अवशेषांत. प्रोटॉन तिथे वेग घेतात, हे पटलं. सगळेच तिथून येतात का, हे त्यावरून ठरत नाही.