पालि वाङ्मयातील गाय : गोचर, उतार आणि आयुष्य

पालि वाङ्मयात गायीचा उल्लेख वारंवार येतो. परंतु ती तेथे देवता नाही. कुरणात चरणारा, नदी ओलांडणारा, माशांनी त्रस्त होणारा आणि वासराला साद घालणारा तो एक जीव आहे. ही गाय कोठे राहत होती व किती काळ जगत होती, या साध्या प्रश्नांतून एक मोठा सामाजिक इतिहास उलगडतो.

सुत्तनिपातातील धनियसुत्तात मही नदीच्या काठी राहणारा धनिय गोप भेटतो. दिवसा त्याच्या गायी काठच्या हिरव्या गवतात चरतात. बांधण्यासाठी घट्ट रोवलेले खुंट व मुंजाची नवी दावी आहेत. मज्झिमनिकायातील महागोपालकसुत्तात तथागतांनी कुशल गोपालकाचे अकरा गुण सांगितले आहेत. तो जनावरांच्या खुणा ओळखतो, माशांची अंडी काढून टाकतो, जखम झाकतो, धूर करतो. उतार, पाणी, वाट आणि गोचर जाणतो. तो सर्व दूध पिळून घेत नाही आणि कळपातील वडील बैलांचा विशेष सांभाळ करतो. हा दृष्टान्त भिक्खूंसाठी असला, तरी श्रोत्यांच्या परिचयाच्या व्यवहारावरच तो उभा आहे.

कळपाचे जगणे राखणाऱ्याच्या प्रज्ञेवर किती अवलंबून होते, हे चूळगोपालकसुत्तावरून कळते. शरद ऋतूत मगधातील एका मूर्ख गोपालकाने उतार न पाहता गंगेत गुरे लोटली आणि ती मधल्या प्रवाहातच बुडाली. शहाण्याने आधी बैल, मग बलिष्ठ गुरे, त्यानंतर कालवडी व गोऱ्हे आणि शेवटी दुबळी वासरे नेली. आईच्या हंबरण्यामागे जाणारे नुकते जन्मलेले वासरूही पैलतीराला पोहोचले.

निगा मिळाल्यास गाय १५ ते २० वर्षे जगू शकते. परंतु त्या काळी सर्व गायींच्या वाट्याला एवढे आयुष्य येत नसे. अंगुत्तरनिकायात मानवी आयुष्याच्या अल्पत्वासाठी वधाकडे नेल्या जाणाऱ्या गायीचा दृष्टान्त आहे. प्रत्येक पावलागणिक ती मरणाच्या जवळ जाते. कूटदन्तसुत्तात एका यज्ञासाठी ७०० बैल, ७०० गोऱ्हे आणि ७०० कालवडी आणल्या होत्या. तथागतांचा उपदेश ऐकून कूटदन्ताने त्या सर्वांना, शेळ्यामेंढ्यांसह, जीवदान दिले. ब्राह्मणधम्मिकसुत्त तर गोवधयुक्त यज्ञ ही नंतर शिरलेली विकृती असल्याचे सांगते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात याच प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातील संरक्षित प्राण्यांत सामान्य गायीचा निर्देश नाही, हे त्यांनी दाखवून दिले. बौद्ध धम्मावर मात करण्यासाठी ब्राह्मणांनी गोमांस सोडून गायीला पवित्र ठरविले; आणि मृत गायीचे मांस खात राहिलेले बौद्ध पराभूत जन अस्पृश्य ठरले, असा त्यांचा सिद्धान्त आहे.

म्हणजे गायीचे आयुष्य पवित्र झाले. मात्र तिच्या मृत्यूचा भार एका समाजाच्या खांद्यावर आला. महाराष्ट्रात मेलेले ढोर ओढणे हे महारांचे गावकीचे काम ठरले होते. मार्च १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, ते या इतिहासाशी केलेले बंड होते. तरीही जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील ऊना येथे मृत गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारहाण झाली. एप्रिल २०१८ मध्ये त्या कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला.

गाय किती जगावी, याविषयी आज मोठ्या आवाजात बोलले जाते. तथागतांचा गोपालक मात्र जखम झाकतो, उतार शोधतो आणि वासरासाठी दूध राखून ठेवतो. ज्या करुणेला गायीची जखम दिसते आणि तिचे प्रेत वाहणाऱ्या माणसाची पाठ दिसत नाही, तिला धम्मात करुणा म्हणता येत नाही.