सोलापूरकरांचा सागरप्रवास

ज्या सोलापुरापासून समुद्र शेकडो मैल दूर, तेथील गृहस्थाने सहकुटुंब जलपर्यटनाचा संकल्प सोडावा, हे लोहमार्गावाचून दुर्घटच होते. १८६० साली आगगाडी सोलापुरास आली खरी; परंतु बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला होईपर्यंत मुंबईचा प्रवास अखंड नव्हता. पुढे १८७७ साली स्थापन झालेल्या कापडगिरणीने नगरात रोख वेतनाची रीत रुजविली, आणि भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने कोकण वा गोवे गाठण्याचा बेत मध्यमवर्गाच्याही आवाक्यात येऊ लागला.

त्या बेताचा जमाखर्च मात्र तिकिटापाशी संपत नसे. पावसाळ्यात किनाऱ्यावरील आगबोटी बंद राहत, म्हणून मुहूर्त हिवाळ्याचा किंवा वैशाखातील सुटीचा. डेकवर पथारी पसरली तर भाडे थोडे, केबिन घेतली तर ऐसपैस पण महाग. मुंबईतील मुक्काम, हमाली, आणि बोट बंदराबाहेर नांगरली म्हणजे उतारूंना किनाऱ्यावर नेणाऱ्या पडावाचा आकार, या फुटकळ रकमांची तजवीज जो आधी करी, त्याचाच प्रवास सुखाचा होई. आज मुंबईहून निघणाऱ्या आलिशान पर्यटननौकांचा हिशोब मांडणाऱ्या कुटुंबासही हाच दंडक लागू पडतो.