शेपटीला मरायला कोण सांगतं?

साल १९६६, आषाढ. संगमेश्वरात, शास्त्री आणि सोनवीच्या संगमापासून जरा वर, लावणी झालेल्या मळीच्या बांधावर तुम्ही उकिडवे बसला आहात. कोकण रेल्वे यायला अजून तीस-बत्तीस वर्षं आहेत. मुंबईकडची एसटी चिखल उडवत गेली, की पुन्हा नुसता पाऊस. रोपांमधल्या गढूळ पाण्यात ओंजळ घाला. आला बघा बेडूकमासा! चारही पाय फुटलेत, पण तोंड धड जुनं नाही की नवं नाही, म्हणून सध्या खाणं बंद. आता शेपटी पाहा. कालच्यापेक्षा आखूड, कडेचा पातळ पडदा सुरकुतलेला, टोक काळपट. जखम नाही, रक्त नाही. ती आतल्या आत विरते आहे आणि तिच्यातला माल बेडकाच्याच अंगी लागतो आहे.

त्याच वर्षीच्या लंडनला चला. मिल हिलच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत जमशेद टाटा काचेच्या बशीवर वाकले आहेत. जन्म मुंबईचा, १९३० चा. बशीत बेडूकमाशांच्या नुसत्या शेपट्या. धड नाही, डोकं नाही. ते त्यात थायरॉइडचं संप्रेरक घालतात. थांबा, दिवस जाऊ द्या. सुटी शेपटीही आकसू लागते! दुसऱ्या बशीत संप्रेरकाच्या जोडीला ॲक्टिनोमायसिन, म्हणजे जनुकावरून आरएनएची नवी प्रत निघू नये. तिसरीत प्रथिनं बनणंच रोखणारं प्यूरोमायसिन. या दोन्ही बशांतल्या शेपट्या आकसत नाहीत.

पुन्हा एकदा बघून घ्या. प्रथिनं बनणं थांबवलं तर पेशी मरेल, असं कुणीही म्हणेल. इथे उलट झालंय. मरण्यासाठीच या पेशींना नवी प्रथिनं बनवावी लागतात. इतका साधा आणि इतकं सांगून जाणारा प्रयोग जीवशास्त्रात क्वचितच सापडेल.

वीस वर्षं पुढे या. १९८६, अमेरिकेतलं एमआयटी. हिलरी एलिस आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. खाली मिलिमीटरभर लांबीचा गोलकृमी. त्याच्या १०९० पेशींपैकी १३१ ठरल्या वेळी मरतात. पण तुम्ही पाहताय त्या कृमीत सेड-३ हे जनुक बिघडलेलं आहे, आणि मरायच्या पेशी चक्क जिवंत आहेत. सेड-४ बिघडलं तरी तेच. सेड-३ चं प्रथिन म्हणजे इतर प्रथिनं कापणारी कात्री, हे नंतर उलगडलं. तशाच कात्र्या, म्हणजे कॅस्पेझ, तुमच्याही पेशींत आहेत. त्यांना आवर घालणाऱ्यांपैकी एक बीसीएल-२. रक्ताच्या काही कर्करोगांत ते इतकं वाढतं, की मरायला हव्यात त्या पेशी मरतच नाहीत. त्यालाच अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ पासून वापरात आहे.

हॉर्विट्झना २००२ चं नोबेल विभागून मिळालं. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवत असाल, तर बेडकाचं जीवनचक्र फळ्यावर काढताना जमशेद टाटा हे नावही लिहा.